कारभाऱ्याचे घर आणि दफ्तर : मेणवलीचा नाना फडणवीस वाडा

वाई शहरापासून सुमारे तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली हे छोटे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचा वाडा, त्यामागील दगडी घाट आणि घाटावरील दोन मंदिरे यांमुळे हे गाव ओळखले जाते. पुण्यातील शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या, तर बुधवारवाडा १८७९ मध्ये जळाला. त्यामुळे पेशवेकालीन मातबर घराची अंतर्गत रचना नेमकी कशी असे, हे पाहण्यासाठी जी थोडी ठिकाणे उरली आहेत, त्यांत मेणवलीचे स्थान वरचे आहे.

गाव आणि घराणे

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. हे घराणे कोकणातील वेळासचे. १७४२ मध्ये साताऱ्यात जन्मलेले नाना १७६१ च्या पानिपतच्या संग्रामातून सुखरूप परतले आणि पुढे बारभाईंच्या कारभाराचे सूत्रधार झाले. १७६८ मध्ये औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून त्यांना मेणवली मिळाले. तेथे नानांनी वाडा, घाट, विष्णूचे मंदिर आणि मेणेश्वराचे शिवमंदिर उभारले. १८०० मध्ये पुण्यात नानांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी जिऊबाई यांना पुष्कळ वर्षे अन्यत्र काढावी लागली. अखेरीस त्या मेणवलीस येऊन राहिल्या. वाडा त्यांच्या दत्तक वंशाकडे राहिला आणि आजही तो खासगी मालकीचा आहे.

सहा चौकांची रचना

बाहेरून पाहणाऱ्यास वाड्याचे रूप गढीसारखे भासते. उंच दगडी जोते, त्यावर जाड भिंती आणि बाहेरच्या बाजूस मोजक्याच खिडक्या. घराचे तोंड जणू आतल्या बाजूला वळलेले आहे. उजेड आणि वारा येतो तो चौकांतून. अशा सहा चौकांभोवती या वाड्याची मांडणी झालेली आहे.

चौकांचा क्रम हाच वाड्याच्या वास्तुशास्त्राचा गाभा होय. मराठा वाड्याच्या रीतीप्रमाणे दिंडी दरवाजा ओलांडला की देवडी लागते. पहारेकरी तेथे बसत. त्यापुढचा चौक आणि त्याभोवतालचे सोपे कामकाजासाठी असत. आलेला माणूस किती आत जाऊ शकतो, यावरून त्याचे घराशी असलेले नाते ठरे. कारकून, जासूद आणि फिर्यादी बाहेरच्या सोप्यात थांबत. सन्माननीय पाहुणे बैठकीपर्यंत जात. माजघर, देवघर, कोठीघर आणि स्वयंपाकघर हा भाग घरच्या माणसांचा. एकाच छपराखाली कचेरी आणि संसार नांदावेत, तरी एकाचा दुसऱ्यास उपद्रव होऊ नये, यासाठी ही योजना होती.

लाकूड, चुना आणि कौले

वाड्याचा सांगाडा लाकडाचा आहे. दगडी तळखड्यावर खांब, खांबावर तुळई आणि त्यावर कड्या, अशी ही बांधणी. दोन खांबांमधील अंतरास ‘खण’ म्हणत आणि दालनाचा आकार खणांच्या संख्येने सांगत. पेशवेकालीन वाड्यांतील सुरूच्या आकाराचे खांब, लाकडी महिरपी आणि तक्तपोशी यांवर सुतारांचे कसब दिसते. भिंतींतील कोनाडे दिवे आणि वस्तू ठेवण्यासाठी असत. फर्निचर असे जवळपास नसेच. गाद्या, लोड आणि तक्के मांडले की दालनाची बैठक होई, उचलले की तेच दालन दुसऱ्या कामास मोकळे.

छपरांची तऱ्हा हवामानानुसार ठरे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस, दौंड-शिरूरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात खुटबावसारख्या गावांच्या परिसरात जुन्या घरांवर मातीचे सपाट धाबे चालून जाई. वाईच्या बाजूस सह्याद्री जवळ आणि पाऊस अधिक, म्हणून मेणवलीस उतरती कौलारू छपरे आहेत.

भिंतींवरील चित्रे

वाड्यातील दालनांच्या भिंतींवर रंगीत चित्रे आहेत. वाई परिसरात ही कला त्या काळी बहरली होती. रास्ते घराण्याच्या मोतीबागेतही अशी चित्रे काढली गेली. चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्यावर देवदेवता आणि पौराणिक प्रसंग रंगविण्याची ही परंपरा. काळाच्या ओघात त्यांपैकी काही भाग पुसट झाला आहे.

घाट आणि घंटा

वाड्याच्या मागील बाजूने कृष्णेच्या घाटावर उतरता येते. मेणेश्वराच्या मंदिराजवळ टांगलेली मोठी घंटा वसईची आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत गेल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे वर्ष आणि बाल येशूसह मेरीची आकृती आहे. २००४ च्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण मेणवलीत झाल्यानंतर या घाटाची ओळख दूरवर पोहोचली.

कागद वाचले, घराचे काय?

या वाड्याने जपलेले सर्वांत मोठे धन म्हणजे ‘मेणवली दफ्तर’. नानांचा पत्रव्यवहार आणि कारभाराचे कागद येथे राहिले. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्या संग्रहातून हे दफ्तर पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले आणि अभ्यासकांना खुले झाले. उत्तर पेशवाईच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन आहे.

कागदांना संस्थेचा आसरा मिळाला. वास्तूला तसा मिळणे अवघड असते. लाकडी वाड्याचा खरा शत्रू पाणी. एक कौल सरकले तरी पाणी कडीत मुरते, कडीतून तुळईत आणि तेथून चित्रांच्या गिलाव्यात उतरते. घाईने केलेली सिमेंटची दुरुस्ती भिंतीतील ओल कोंडून ठेवते. चुन्याचा गिलावा ती बाहेर जाऊ देतो. चुना मळणारे आणि जुने सांधे जाणणारे कारागीर मात्र दुर्मिळ होत आहेत आणि खर्चाचा भार मालकांवर पडतो.

सुटा खांब किंवा महिरप संग्रहालयात ठेवता येते. देवडीपासून घाटापर्यंत चौकामागून चौक ओलांडत जाण्याचा क्रम मात्र जागेवरच टिकवावा लागतो. नानांच्या दफ्तरातून राज्याचा कारभार कळतो. तो कारभार ज्या घरातून चाले, त्या घराची शिस्त कळण्यासाठी हा वाडा उभा राहणे आवश्यक आहे.