बालाघाटच्या खाणी आणि पाण्याचा हिशेब

बालाघाट जिल्ह्याच्या नकाशावर पाणलोटाची रेषा आखून पाहिली, तर एक लक्षणीय गोष्ट दृष्टीस पडते. शहरालगतच्या भरवेली येथील मँगनीजच्या खाणीकडचे पाणी वैनगंगेकडे जाते. ते महाराष्ट्रात उतरून प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच जिल्ह्याच्या पूर्वभागात, बैहरच्या पठारावर, मलाजखंडची तांब्याची खाण आहे. त्या बाजूच्या बंजर नदीचे पाणी मात्र मंडल्याजवळ नर्मदेत शिरते आणि अरबी समुद्राकडे वळते. दोन्ही खाणी सार्वजनिक क्षेत्रातील. त्यांच्या पाण्याविषयी कागदावर जे लिहिले जाते, त्याचा संबंध केवळ खाणीच्या कुंपणाशी नसून नदीकाठी दूरवर राहणाऱ्या माणसांशी आहे.

या मुलखात खाणीविषयी अहवाल लिहिण्याची परंपरा जुनी आहे. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी हिंदुस्थानातील मँगनीजच्या साठ्यांवर लिहिलेला हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ 1909 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने प्रसिद्ध केला. परंतु त्या काळी प्रश्न एकच होता : धातू किती आहे? तो काढल्यावर ओढ्याचे काय होईल, हे विचारण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती, आणि जे विचारले जात नाही ते अहवालात उतरत नाही.

स्वातंत्र्यानंतर मालक बदलले. 1956 पर्यंत बालाघाट व नागपूर एकाच राज्यात होते. पुढे राज्ये वेगळी झाली, तरी खाणींचा कारभार नागपूरशी जोडलेलाच राहिला. 1962 मध्ये ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. तीत केंद्र सरकार, महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांचे भाग होते आणि उरलेले जुन्या विलायती कंपनीचे. 1977 मध्ये तेही सरकारकडे आले. तांब्यासाठी ‘हिंदुस्थान कॉपर’ ही कंपनी 1967 मध्ये निघाली व मलाजखंड प्रकल्प 1982 मध्ये राष्ट्रास अर्पण झाला. सरकारी कंपनी म्हटली की तिच्या जमाखर्चावर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांची नजर आलीच. पैशाचा हिशेब असा पक्का बांधला गेला. पाण्याच्या हिशेबाला मात्र अवकाश होता.

तो हिशेब कायद्याने टप्प्याटप्प्याने आणला. 1974 मध्ये जलप्रदूषणाचा कायदा झाला, 1981 मध्ये हवेचा, आणि 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. या शेवटच्या कायद्याखालील नियमांत 13 मार्च 1992 रोजी एक भर पडली : प्रदूषण मंडळाची संमती घ्यावी लागणाऱ्या प्रत्येक उद्योगाने दरवर्षी ‘पर्यावरण लेखापरीक्षा अहवाल’ सादर करावा. अवघ्या वर्षभरात, एप्रिल 1993 मध्ये, त्या शब्दाच्या जागी ‘पर्यावरण विवरणपत्र’ हा शब्द घालण्यात आला. बदल वरकरणी किरकोळ, पण नवे नाव अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजे. ज्याने खर्च केला त्यानेच तपासलेल्या वहीला कोणताही व्यापारी लेखापरीक्षा म्हणणार नाही.

हे विवरणपत्र नमुना क्रमांक पाचमध्ये भरावयाचे असते. पाणी व कच्चा माल किती वापरला, बाहेर काय सोडले, घातक व घन कचरा किती निघाला आणि त्याची विल्हेवाट कशी लावली, असे त्यातील रकाने आहेत. मलाजखंडसारख्या खाणीत कचऱ्याचा रकाना किती भारी आहे, हे ढोबळ हिशेबानेही कळते. खनिजात तांबे शेकडा एकच्या आसपास. ते दळून, धुऊन जो सांद्रित माल मिळतो त्यात तांबे सुमारे चतुर्थांश. म्हणजे 100 टन खनिजातून सुमारे 4 टन माल हाती येतो आणि उरलेले 96 टन बारीक गाळ होऊन तळ्यात साठते. खनिजात गंधकयुक्त संयुगे असतात. हवा व पावसाचे पाणी लागले की त्यांपासून आम्ल तयार होऊ शकते, आणि ते आम्ल दगडातील धातू विरघळवून पुढे नेते.

येथेच अहवाल लिहिणाऱ्याची खरी परीक्षा असते. ‘नाल्याचे पाणी विहित मर्यादेत आढळले’ हे वाक्य सरकारी कागदांत फार सोयीचे. पण मर्यादा कोणती? आंतरदेशीय जलप्रवाहात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी मँगनीजची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 2 मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकार्य प्रमाण 0.1 मिलिग्रॅम. तांब्याच्या बाबतीत हेच आकडे 3 आणि 0.05. एकात वीसपट अंतर, दुसऱ्यात साठपट! सांडपाण्याच्या मर्यादेमागे गृहीत असते की ते पाणी मोठ्या प्रवाहात मिसळून विरळ होईल. वैशाखात ओढाच आटलेला असेल, तर मिसळावयाचे कशात? तेव्हा निकष कोणता लावला, आणि त्या काठावरची माणसे ते पाणी पितात किंवा गुरांना पाजतात काय, ह्या दोन गोष्टी अहवालात शेजारीशेजारी आल्याखेरीज ‘मर्यादेत’ या शब्दास अर्थ येत नाही.

नमुना कधी घेतला हेही तितकेच महत्त्वाचे. उन्हाळाभर ढिगाऱ्यावर साठलेले क्षार मृगाच्या पहिल्या सरीबरोबर एकदम वाहून येतात. डिसेंबरातला नमुना खोटा नसतो, पण तेवढ्यावर वर्षाचा निर्णय देणे म्हणजे कापणीनंतर शेत पाहून पिकाचा अंदाज करणे होय. म्हणून जागा, तारीख, पाऊस झाला होता की नाही, आणि खाणीच्या वरच्या अंगाचा नमुना तुलनेस घेतला काय, ह्या नोंदी आकड्याइतक्याच आवश्यक ठरतात. कंटाळवाण्या वाटणाऱ्या ह्याच नोंदींमुळे दुसरा माणूस त्या जागी जाऊन आकडा पुन्हा तपासू शकतो.

बाहेरच्या परीक्षकाने केलेली तपासणी ही वेगळी गोष्ट. जगभरच्या सरकारी लेखापरीक्षकांच्या संघटनेने पर्यावरणाच्या लेखापरीक्षेसाठी 1992 मध्ये स्वतंत्र कार्यगट नेमला. भारतात महालेखापरीक्षकांनी 2006 मध्ये व्याघ्र प्रकल्पांवर अहवाल दिला (बालाघाट व मंडला जिल्ह्यांत पसरलेले कान्हा हे 1973 च्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक), पुढे जलप्रदूषणावर दिला, आणि 2013 मध्ये जयपूर येथे या विषयाच्या शिक्षणासाठी केंद्र उघडले. या अहवालांची पद्धत ठरलेली आहे : काय असावयास हवे होते, प्रत्यक्षात काय आढळले, अंतर का पडले, परिणाम काय झाला. मसुदा आधी संबंधित खात्याकडे जातो व खात्याचे उत्तरही अहवालात छापले जाते. कित्येकदा सर्वांत बोलके पान तेच असते. ‘निधी उपलब्ध नव्हता’ आणि ‘यंत्र बसविले आहे, चालविण्यास माणूस नाही’ ही दोन उत्तरे अगदी निराळ्या रोगांची लक्षणे आहेत, आणि शिफारस करणाऱ्याने ती एका औषधाखाली घालता कामा नयेत.

छापलेला अहवाल संसदेपुढे किंवा विधानसभेपुढे ठेवला जातो व कोणासही वाचावयास मिळतो. उद्योगाने स्वतः भरलेले विवरणपत्र प्रदूषण मंडळाकडे दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत पोहोचावे लागते. तोवर पहिल्या सरींचे पाणी बालाघाटच्या दोन्ही उतारांवरून केव्हाच वाहून गेलेले असते.