कण्हेरीचे बेट

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि एका दुपारात सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्या देवाला जन्मभर फुले वाहिली, त्याने हे का होऊ दिले, असे त्या दिवसांत आपल्यापैकी कितीजणींनी तरी एकमेकींना विचारले. मला उत्तर देता आले नाही, आजही येत नाही. परंतु पुढे वाचनाच्या नादात अमेरिकेतील एका बेटाच्या वादळाचा इतिहास हाती लागला. तेथील बायकांनी त्यानंतर काय केले, ते भगिनींना सांगावेसे वाटते.

टेक्सास राज्याच्या किनाऱ्याला लागून मेक्सिकोच्या आखातात गॅल्व्हेस्टन नावाचे चिंचोळे, वाळूचे बेट आहे. १९०० साली तेथे कापसाच्या व्यापारावर श्रीमंत झालेले, सुमारे ३८ हजार वस्तीचे बंदर होते. बेटाचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून नऊ फूटदेखील नव्हता. गावात कॅथॉलिकांची, प्रॉटेस्टंटांची, निग्रो समाजाची अशी निरनिराळी चर्चे होती, ज्यू लोकांचे मंदिर होते. प्रत्येकाच्या आसऱ्याने बायकांची मंडळे चालत. शिवण, जत्रा, अनाथांची सोय, गरिबांच्या मुलांसाठी बालवर्ग, अशी त्यांची कामे. आपली भजनी मंडळे आठवावीत, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल.

८ सप्टेंबर हा ख्रिस्ती पंचांगात मारियामातेचा जन्मदिवस. वांद्र्याची मोत माउलीची जत्रा आपल्याला ठाऊक आहे, ती याच सणाची. १९०० साली त्या दिवशी शनिवार होता, आणि त्याच रात्री गॅल्व्हेस्टनवर समुद्र चढला. पाणी पंधरा फुटांपर्यंत आले.

किनाऱ्यावर सेंट मेरीज अनाथालय होते. दहा जोगिणी आणि त्र्याण्णव मुले. पाणी वाढू लागले तशी जोगिणींनी मुले वरच्या मजल्यावर नेली आणि ‘क्वीन ऑफ द वेव्हज’, म्हणजे लाटांची राणी, हे मारियेचे जुने स्तोत्र म्हणायला लावले. मग कपडे वाळत घालायची दोरी आणून तिचे तुकडे केले, आणि प्रत्येकीने सहा-सात मुले आपल्या कमरेला बांधून घेतली. इमारत कोसळली. तीन मुलगे एका झाडाला धरून वाचले. बाकी नव्वद मुले आणि दहाही जोगिणी गेल्या. पुढे वाळूत प्रेते सापडली तेव्हा दोऱ्या तशाच होत्या. ती दोरी बांधली नसती तर कोणी वाचले असते का, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तिथेच टाकून दिला. मुले अंधारात सुटी होऊ नयेत, एवढेच त्या बायांना दिसत असणार. त्या पंथाच्या जोगिणी जिथे असतील तिथे दर ८ सप्टेंबरला ते स्तोत्र आजही म्हणतात.

त्याच रात्री अर्सुलाइन जोगिणींच्या मठात सुमारे हजार माणसांना आसरा मिळाला. तिथे बाळेही जन्मली.

मृतांची नीट मोजदाद झाली नाही. किमान सहा हजार, बहुधा आठ हजार. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक कोपाने इतकी माणसे एका वेळी कधी गेली नाहीत. पुरायला जमीन नाही, वाळू पाण्याने भरलेली. तेव्हा शेकडो प्रेते पडावात घालून समुद्रात नेऊन सोडली. ते काम करायला काळ्या लोकांना बंदुकीच्या धाकाने धरून आणले होते. आणि समुद्राने ती प्रेते परत किनाऱ्यावर आणून टाकली. शेवटी जागोजागी चिता रचल्या, त्या कित्येक आठवडे जळत होत्या. आपल्याला अग्नी म्हणजे शेवटचा संस्कार. त्यांना मात्र तीच मोठी विटंबना वाटली, कारण शरीर मातीत ठेवून पुनरुत्थानाची वाट पाहावी असा त्यांचा विश्वास. कॅथॉलिकांना तर दहनाची मनाई १९६३ पर्यंत होती. आपल्याकडे एखाद्याला अग्नी मिळाला नाही तर घरच्यांच्या जिवाला जी रुखरुख लागते, ती त्यांना अग्नी दिल्यामुळे लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढची गोष्ट समजते.

मार्च १९०१ मध्ये निरनिराळ्या चर्चांच्या आणि ज्यू मंदिराच्या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी ‘विमेन्स हेल्थ प्रोटेक्टिव्ह असोसिएशन’ स्थापन केली. नावात आरोग्य आहे. परंतु सुरुवातीलाच हाती घेतले ते काम मृतांचे. वाळूत घाईने पुरलेले, इकडेतिकडे राहिलेले अवशेष योग्य जागी विधिपूर्वक दफन व्हावेत म्हणून त्या मागे लागल्या. एरवी ज्याच्या त्याच्या चर्चने आपापला मृत पाहावयाचा. पण हाडे कोणत्या चर्चची, हे कोण सांगणार? वादळापूर्वी वेगवेगळ्या चुलींवर शिजत होते, ते त्या बायकांनी एका चुलीवर आणले ते असे.

मग शहराने समुद्राशी सामना आरंभला. १९०२ ते १९०४ या काळात सतरा फूट उंचीची भिंत बांधली. तिच्यामागे सारे गावच वर उचलले. दोन हजारांहून अधिक इमारती जॅकवर उचलून खाली गाळाची वाळू भरली. तीन हजार टन वजनाचे सेंट पॅट्रिक चर्च हाताने फिरवायच्या शेकडो जॅकांवर पाच फूट वर गेले. लोक वर्षानुवर्षे फळ्यांच्या पुलांवरून ये-जा करीत. ऑगस्ट १९१५ मध्ये पुन्हा मोठे वादळ आले तेव्हा शहरात मृत्यू अगदी थोडे झाले.

परंतु त्या खाऱ्या वाळूखाली प्रत्येक बाग मेली. गाव उंच झाले आणि उघडेबोडके झाले. येथे पुन्हा बायकाच पुढे आल्या. मतदानाचा हक्क नव्हता, तरी वर्गणी जमवून, नगरशासनाच्या मागे लागून त्यांनी रस्तोरस्ती हजारो झाडे लावली. ताड लावले, आणि मुख्य म्हणजे कण्हेर. कण्हेर तेथे १८४१ साली जमैकातून आली असे सांगतात. खारा वारा आणि वाळू तिला सोसते. फांदी तोडून लावली की लागते. विषारी म्हणून गुरे तोंड लावीत नाहीत. तिला चिकाटीची बाई म्हणावे! गॅल्व्हेस्टनला आज कण्हेरीचे शहर म्हणतात. झाडांपाठोपाठ त्या बायकांनी बाजार आणि दुधाचे गोठे तपासायला घेतले, तेव्हा गवळ्यांना ते फारसे रुचले नसावे.

आता जे मला खुपते तेही सांगते. या मंडळात काळ्या स्त्रियांना प्रवेश नव्हता. ज्यांच्या माणसांना बंदुकीच्या धाकाने प्रेते उचलावी लागली, त्यांच्याच बायकांना त्याच मृतांचे दफन करणाऱ्या मंडळात जागा नाही. वर्णभेदाच्या त्या काळी हे कोणाला वावगेही वाटले नसेल. काळ्या समाजाचे रीडी चॅपल वादळात मोडले होते, ते त्यांनी पुन्हा उभे केले.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि २०२० ची आपली वही आठवली. पत्रे आणि ताडपत्र्या वाटायला आपण जी यादी केली, तिच्या पहिल्या दोन पानांवर सभासदांचीच घरे आहेत. कातकरी वाडीचे नाव चौथ्या दिवशी आले, तोवर तिथली पोरे भिजत होती. वही मंडळाच्या कपाटात आहे. अक्षर माझेच आहे.