दुसऱ्याच्या नजरेखालचा डाव

बल्गेरियातल्या वार्ना शहरात १९६२ साली भरलेल्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये सोव्हिएत विश्वविजेता मिखाईल बोटविन्निक आणि एकोणीस वर्षांचा अमेरिकन बॉबी फिशर समोरासमोर आले. डाव त्या दिवशी संपला नाही. फिशरकडे एक प्यादे जास्त होते आणि त्याचे पारडे जड दिसत होते. तेव्हाच्या प्रथेप्रमाणे पुढची चाल पाकिटात बंद करून डाव दुसऱ्या दिवसावर ठेवला गेला. त्या रात्री सोव्हिएत संघातले खेळाडू पटाभोवती बसले. येफिम गेलरने हत्तींच्या अंतिम टप्प्यात बचावाची एक कल्पना सुचवली आणि दुसऱ्या दिवशी डाव बरोबरीत सुटला. फिशरला हे पटले नाही. १९६९ साली निघालेल्या आपल्या साठ डावांच्या पुस्तकात त्याने आपण कसे जिंकू शकलो असतो हे चालींसह मांडले. पुढे बोटविन्निकने तेच विश्लेषण आपल्या बुद्धिबळ शाळेतल्या मुलांना अभ्यासासाठी दिले आणि तेरा वर्षांच्या गॅरी कास्पारॉव्हने त्यातही बरोबरीची वाट शोधून दाखवली. बुद्धिबळाला आपण एकट्याचा खेळ म्हणतो. पटावर बसताना खेळाडू एकटा असतो हे खरेच आहे. पण तो तिथवर पोचतो ते इतरांच्या सोबतीने, आणि ही सोबत केवळ उत्साह वाढवण्यापुरती नसते. आपला विचार दुसऱ्याने नेमाने तपासणे, त्यातली चूक दाखवणे आणि ती चूक मान्य करून पुन्हा पटाकडे वळणे, यातूनच खेळ वाढतो. बुद्धिबळाच्या गेल्या शंभर वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

रशियात चांगले खेळाडू क्रांतीच्या आधीही होते. बदलली ती मांडणी. १९२४ साली मॉस्कोत बुद्धिबळाची अखिल सोव्हिएत संघटना उभी राहिली, निकोलाय क्रिलेंको तिचा प्रमुख झाला आणि कारखाने, कामगार संघटना व शाळांमधून मंडळे निघू लागली. पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी आलेला विश्वविजेता कापाब्लांका लेनिनग्राडमध्ये एकाच वेळी अनेकांशी खेळला. त्यात त्याला हरवणाऱ्यांमध्ये चौदा वर्षांचा बोटविन्निक होता. लेनिनग्राडच्या पायोनियर पॅलेसमध्ये व्लादिमीर झाक मुलांना शिकवत असे. बोरिस स्पास्की आणि व्हिक्टर कोर्चनॉय त्याच्याच हाताखाली तयार झाले. या मांडणीला आलेले फळ मोजता येते. १९३१ ते १९३७ या काळात अमेरिकेने ओळीने चार ऑलिम्पियाड जिंकली होती. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये दहा पटांवर रेडिओवरून झालेल्या सामन्यात त्याच अमेरिकेला सोव्हिएत संघाने साडेपंधरा विरुद्ध साडेचार अशा गुणांनी हरवले. १९४८ पासून १९७२ मध्ये फिशर जिंकेपर्यंत विश्वविजेतेपद सोव्हिएत खेळाडूंकडेच राहिले.

या यशाचे मर्म बोटविन्निकच्या शिस्तीत सापडते. त्याचा आग्रह होता की खेळाडूने आपल्या डावांचे विश्लेषण स्वतः लिहावे आणि छापून लोकांपुढे ठेवावे, म्हणजे त्यातल्या चुका इतर जण दाखवतील. स्वतःपुरते केलेले विश्लेषण माणूस नकळत आपल्या बाजूने झुकवतो. हरलेल्या डावात दोष नशिबाचा वाटतो आणि जिंकलेल्या डावात आपली प्रत्येक चाल बरोबर वाटते. छापलेल्या विश्लेषणाला ही सवलत मिळत नाही. सराव कसा करावा याकडेही तो तितक्याच काटेकोरपणे पाहत असे. स्पर्धेतल्या गोंगाटाची आणि धुराची सवय व्हावी म्हणून व्याचेस्लाव रागोझिनबरोबर तो रेडिओ चालू ठेवून आणि सिगारेटच्या धुरात सरावाचे डाव खेळला. डाव खेळायचा, त्याची चिकित्सा करायची आणि जिथे कच्चे आढळले त्यावर काम करून पुन्हा खेळायचे, अशी ही साखळी होती. तिच्यातली मधली कडी गळाली की नुसता खेळ उरतो. वर्षानुवर्षे रोज खेळूनही एकाच पातळीवर राहिलेले खेळाडू प्रत्येक गावात असतात. त्यांचा सराव कमी पडलेला नसतो, तपासणी कमी पडलेली असते.

यावर पहिला आक्षेप प्रतिभेचा. मीर सुलतान खान याला कोणती मंडळी होती? पंजाबातला हा माणूस सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने इंग्लंडला गेला. तिकडचे ग्रंथ वाचण्याइतके इंग्रजी त्याला येत नव्हते, तरी त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा ब्रिटिश विजेतेपद मिळवले आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांकाला हरवले. त्याची प्रतिभा निर्विवाद होती. पण पहिल्या ब्रिटिश विजेतेपदाच्या आधी विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या ब्रिटिश खेळाडूंनी त्याच्याकडून तयारी करून घेतली होती, हेही तितकेच खरे आहे. १९३३ साली तो परतला आणि त्या दर्जाची संगत सुटली, तसा मोठ्या स्पर्धांशी त्याचा संबंधही संपला. फिशरचे उदाहरण तर एकट्याने सोव्हिएत यंत्रणेला नमवल्याचे म्हणून सांगितले जाते. त्याच्या घडणीत मात्र ब्रुकलिनमधला शिक्षक कार्माइन नायग्रो, मॅनहॅटन चेस क्लब आणि जॅक कॉलिन्स यांच्या घरी जमणारे खेळाडू आहेत. शिवाय सोव्हिएत मासिके वाचता यावीत म्हणून तो रशियन वाचायला शिकला. ज्या मंडळात त्याला प्रवेश नव्हता, त्याच्या छापील चर्चेत तो असा सामील झाला. प्रतिभा संगतीशिवाय जन्म घेते, पण संगतीशिवाय ती टोकापर्यंत पोचल्याचे उदाहरण या दोघांतही सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोव्हिएत बुद्धिबळामागे सत्ता होती, पैसा होता आणि भीतीही होती. संघटना उभारणाऱ्या क्रिलेंकोलाच १९३८ साली गोळ्या घातल्या गेल्या. अशा राजवटीतून धडा कसला घ्यायचा, असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ही पद्धत त्या राजवटीबाहेर टिकली का, हे पाहायला हवे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढले, तेव्हा पाठीशी सरकार नव्हते. होती ती स्पर्धा नेमाने भरवण्याची जिद्द. त्याच सांगलीतून पुढे स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. कुस्तीगीर तालमीत जोडीदाराशी घुमून तयार होतो, तशीच ही व्यवस्था होती. मुंबईत तर एक घरच मंडळ ठरले. १९७४ साली वासंती खाडिलकर राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या आणि पुढे जयश्री व रोहिणी या बहिणींनीही ते पद मिळवले; रोहिणी १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. तिघींना घरातच तुल्यबळ प्रतिस्पर्धी आणि टीकाकार मिळाल्या होत्या. मद्रासमध्ये मॅन्युएल एरन यांच्या पुढाकाराने १९७२ साली ताल चेस क्लब सुरू झाला. जागा सोव्हिएत सांस्कृतिक केंद्राची होती, पण तिथे यायला कोणी भाग पाडत नव्हते. जिंकणारा बसून राहणार आणि हरणारा उठणार, अशा झटपट डावांत लहानगा विश्वनाथन आनंद तिथे घडला आणि १९८८ साली भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. सक्ती गळून पडली तरी पद्धत फळ देत राहिली, म्हणजे तिचे बळ सक्तीत नव्हते.

तिसरा आक्षेप आजचा आहे. फोनवरचा संगणक विश्वविजेत्यापेक्षा अचूक चाल क्षणात सांगतो, मग माणसांनी जमून डोकेफोड का करावी? संगणकाने चूक शोधण्याचे काम सोपे केले हे मान्यच करायला हवे. पण चाल चुकली हे कळणे आणि आपण तसा विचार का केला हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच मिळते, जेव्हा समोरचा विचारतो आणि आपल्याला बोलून सांगावे लागते. आज तोच संगणक जगातल्या प्रत्येक खेळाडूकडे आहे, तरी प्रगती सगळीकडे सारखी नाही. आर. बी. रमेश यांच्या चेन्नईतल्या गुरुकुलात मुले एकत्र शिकत आली आहेत आणि २०२० पासून आनंद यांच्या अकादमीत निवडक तरुण एकमेकांबरोबर तयारी करतात. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण जिंकले. त्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आनंद यांच्या अकादमीतला डी. गुकेश अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. संगणक आला म्हणून मंडळ निरुपयोगी झाले असते, तर यश असे एकत्र तयारी करणाऱ्या गटांभोवती गोळा झाले नसते.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष आपल्या शाळांना आणि गावोगावच्या मंडळांना थेट लागू पडतो. आपल्याकडे बुद्धिबळाचे बक्षीस समारंभ पुष्कळ होतात. हरलेल्या डावावर बसून बोलायला वेळ मात्र कोणी राखून ठेवत नाही. आठवड्यातला एक ठरलेला वार, चार-पाच सारख्या ताकदीची मुले, प्रत्येकाने स्वतः लिहून आणलेला एक डाव आणि तो डाव निर्भयपणे तपासणारा एखादा जाणता माणूस, एवढ्याला मोठे भांडवल लागत नाही. झाक यांच्या वर्गाचा किंवा पडसलगीकरांच्या मंडळाचा गाभा याहून वेगळा नव्हता. असे मंडळ काढले की त्यातून विश्वविजेता निघेलच असे नाही. पण आपली चूक चारचौघांत मान्य करून पुन्हा पटावर बसणारे मूल त्यातून नक्की घडते, आणि पुढची सगळी प्रगती तिथूनच सुरू होते.