ध्वनीचे स्थान

बऱ्हाणपुरातील लोधीपुरा हा भाग दर्गाह-ए-हकीमीमुळे दूरदूरच्या यात्रेकरूंस परिचित आहे. तेथे राहणारे माझे एक स्नेही मध्यंतरी एक तक्रार घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या चिरंजीवांनी बैठकीच्या खोलीत ‘होम थिएटर’ मांडले होते. पाच स्पीकर छताजवळ भिंतींवर चढविले होते आणि घनगंभीर आवाजाची सहावी पेटी सामाईक भिंतीस टेकविली होती. पलीकडे एक वृद्ध दांपत्य राहते; त्यांच्या फळीवरचे पेले रात्री थरथरू लागले. स्नेही म्हणाले, “वकीलसाहेब, आमच्या घरात आम्ही काय टांगावे, हे शेजाऱ्याने का सांगावे?” आणि जाता जाता ओशाळून त्यांनी भर घातली, “खरे म्हणजे पात्रांचे बोलणे आम्हांलाही धड कळत नाही!”

या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते. ध्वनीचे मुख कोठे असावे, हा प्रश्न यंत्रयुगाने निर्माण केलेला नाही. तो फार जुना आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातील दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या रचनेस वाहिलेला आहे. मर्त्यांसाठी 64 हात लांब व 32 हात रुंद एवढे गृह पुरे, असे तेथे सांगितले आहे. त्याहून मोठ्या मंडपात उच्चारलेला शब्द विस्वर होतो, हे त्याचे कारण. गृह पर्वताच्या गुहेसारखे, लहान गवाक्षांचे व निवाऱ्याचे असावे, म्हणजे आवाजास गांभीर्य येते. वादकांची जागाही ठरलेली होती. नेपथ्यगृहाच्या दोन दारांमध्ये, प्रेक्षकांच्या समोर. शब्द आणि वाद्य यांची दिशा एकच राहावी, हे त्या योजनेतून साधत असे.

याउलट जो ध्वनी साऱ्या नगरासाठी असे, त्यास उंची दिली जाई. नगारखाना दरवाजाच्या माथ्यावर असे; अजान मिनारावरून दिली जाई. रायगडाच्या राजसभेत मात्र निराळे कौशल्य दिसते. सिंहासनाच्या जागेवरून हलक्या आवाजात काढलेला शब्द सुमारे 200 फुटांवरील नगारखान्याच्या दारात ऐकू येतो, हा अनुभव आजही प्रवासी घेतात. विजापूरच्या गोलघुमटात सज्ज्यावरची कुजबूज पलीकडच्या टोकास पोहोचते. परंतु मोठ्याने बोललेले वाक्य प्रतिध्वनींच्या गर्दीत हरवते. आवाज वाढविला म्हणजे अर्थ पोहोचतोच असे नाही, हा धडा त्या घुमटाखाली उभे राहिले की तत्काळ मिळतो.

यंत्राने हाच प्रश्न नव्याने पुढे आणला. 1881 साली पॅरिसच्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर याने संगीतगृहाच्या रंगमंचावर ध्वनिग्राहकांच्या जोड्या मांडल्या आणि श्रोत्यांच्या दोन्ही कानांस स्वतंत्र तारा दिल्या. गायक कोणत्या बाजूस चालला हे दूर बसूनही कळू लागले. पुढे 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला, 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि पडदा मराठीत बोलू लागला. योगायोग असा की 1931 सालच्याच डिसेंबरात ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने आपल्या द्विमार्गी ध्वनीच्या पेटंटासाठी अर्ज केला. पात्र पडद्यावर सरकते, पण त्याचा आवाज एकाच जागी खिळलेला राहतो, ही विसंगती त्यास खटकत होती. 1940 च्या ‘फँटेशिया’ने ध्वनी प्रेक्षकांभोवती फिरविला; 1975 साली ‘शोले’ने 70 मिलिमीटरच्या पडद्याबरोबर तो अनुभव आपल्याकडे घरोघरच्या बोलण्यात आणला; आणि 1992 पासून पाच मार्ग अधिक एक मंद्रमार्ग ही अंकीय योजना चित्रगृहांत रूढ होत गेली. तीच पुढे घरात आली.

परंतु चित्रगृह घरात आले, तरी घर काही चित्रगृह झाले नाही. ह्या मांडणीचे संकेत साधे आहेत. मधला स्पीकर चित्राच्या लगत, डावा-उजवा श्रोत्याच्या समोररेषेपासून प्रत्येकी 30 अंशांवर, बसलेल्याच्या कानाच्या उंचीला. बाजूचे दोन 100 ते 120 अंशांवर, कानाहून किंचित वर. हेल्मूट हास याने 1949 च्या सुमारास दाखवून दिले की, एकच ध्वनी दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान आधी आलेल्याची दिशा खरी मानतो. म्हणूनच अंतरे समान हवीत, किंवा यंत्रात तेवढा विलंब भरावा लागतो. छताजवळ टांगलेला स्पीकर संवाद कानापेक्षा भिंतीला आणि छताला अधिक ऐकवितो. मग आपण आवाज वाढवितो, आणि तो वाढलेला आवाज शेजाऱ्याच्या वाट्यास जातो. मंद्र ध्वनीचे तर लक्षणच निराळे. 40 हर्ट्‌झची लाट साडेआठ मीटरांहून लांब असते. ती सामान्य भिंतीस जुमानीत नाही, आणि पेटी भिंतीस टेकलेली असली तर भिंतच वाजू लागते.

कायद्याचे म्हणाल, तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे; रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी ध्वनियंत्राचा आवाज त्या जागेच्या सीमेवर ह्या मर्यादेहून 5 डेसिबलांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. 18 जुलै 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की, बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्यास बळेच ऐकविण्याचा अधिकार येत नाही. म्हणजे भिंत स्नेह्यांची असली, तरी पलीकडची शांतता त्यांची नव्हती.

मी स्नेह्यांस नोटीस लिहून दिली नाही. मोजपट्टी घ्यावयास सांगितली. पुढचे स्पीकर खाली उतरले, जड पेटी सामाईक भिंतीपासून दूर, रबराच्या पायांवर आली. संवाद कळू लागताच आवाज आपोआप निम्म्यावर आला. पंधरवड्याने त्या वृद्ध गृहस्थांस चित्रपटाचे आमंत्रण गेले, आणि ते आले. नाट्यगृह केवढे असावे हे भरताने ऐकणाऱ्याच्या कानावरून ठरविले. आपण तेच विसरलो, आणि मग दोष यंत्रास देत बसलो.