मस्टरवरची माणसं

खरं मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, मळकं असतं. पंधरवडाभर ते मुकादमाच्या पिशवीत फिरतं, घडीवर फाटतं, कुणाच्या ओल्या अंगठ्याचा डाग शेजारच्या रकान्यात उमटतो, आजारी पडलेल्या बाईच्या नावापुढे चार दिवस फुल्या असतात. बोगस मस्टर लांबूनच ओळखू येतं. एकच पेन, एकच अक्षर, एकाचाही खाडा नाही आणि सगळे अंगठे सारख्याच दाबाचे. मी १९८३ साली रोजगार हमीवर मस्टर कारकून म्हणून लागलो. ही पारख कुणी शिकवत नाही, हातातून कागद गेले की आपोआप येते.

या योजनेमागची ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना आमच्याच बाजूची. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती असताना १९६५ मध्ये त्यांनी आपल्याच भागात तिचा प्रयोग करून पाहिला. मग १९७२ चा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. आमच्या माणदेशात त्या साली ज्यांनी सुकडी खाऊन खडी फोडली, ती माणसं पुढे माझ्या मस्टरवरही होती. १९७५ ला रोजगार हमीच्या खर्चासाठी व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराकडून तो घ्यायचा आणि सरकारनं तेवढीच भर घालायची. योजनेचा कायदा १९७७ चा, पण तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. त्यात लिहिलं होतं, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, रोज निदान एक रुपया.

लबाडी रोखायची तजवीज या कायद्यात आधीपासूनच होती, आणि मला ती आजही हुशारीची वाटते. इंग्लंडात १९३१ साली भत्ता मागणाऱ्याच्या घरी माणूस पाठवून घरातल्या सगळ्यांची मिळकत तपासायची पद्धत आली होती. आपल्याकडे तसलं काही नाही. वैशाखाच्या उन्हात मजुरीच्या दरावर जो घमेलं उचलायला येतो, त्याची गरज वेगळी कशाला तपासायची? बागायतदाराचा मुलगा त्या रांगेत उभाच राहत नाही. भत्ता लाटायचा म्हटलं तरी आधी नमुना ४ भरून काम मागावं लागे आणि त्याची पोच हातात असावी लागे. पोचेवर सही करायची म्हणजे पंधरा दिवसांची मुदत आपल्याच गळ्यात घ्यायची. त्यामुळे सही करणारा त्या दिवशी नेमका फिरतीवर असायचा. बेकारी भत्ता घेतलेला माणूस माझ्या उभ्या नोकरीत मला भेटला नाही, मग खोटा भत्ता घेतलेला कुठून भेटणार?

चोरी झाली ती बेकारांच्या नावावर. तिचे दोन प्रकार. मजुरी हजेरीवर नाही, मोजमापावर निघते. पाझर तलावाच्या कामात माती काढलेल्या चौकडीत मधोमध एक खांब न खोदता ठेवतात. त्याच्या उंचीवरून खोली धरायची, घनफळ काढायचं आणि ते एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत चढवायचं. समजा, टोळीचं काम तीन हजारांचं भरलं. चाळीस माणसं असली तर प्रत्येकाला पंचाहत्तर मिळतात. मस्टरवर साठ नावं चढवली की वाट्याला पन्नास येतात, आणि वीस नावांचे हजार रुपये भलत्याच खिशात जातात. सरकारचा पैसाही बुडाला नाही आणि मोजमापही बरोबर, म्हणून ऑडिटला काही दिसायचं नाही. बायका मात्र पेमेंटच्या दिवशी विचारायच्या, “भाऊ, एवढी माती उपसली, मग रोज कमी कसा पडला?” दुसऱ्या प्रकारात एमबीच फुगवायची. पुढे जेसीबी आल्यावर तर हे फारच सोपं झालं. रात्रीत मशीन काम उरकायचं आणि दिवसा मस्टरवर माणसं राबायची. त्यात मयत असायचे, पुण्या-मुंबईला गेलेले असायचे, एकदा तर शाळामास्तरही होते.

वसुली निघाली की ती उतरत उतरत खाली यायची. चौकशी लागली की आधी मस्टर जप्त, कारण त्यावर कारकुनाचं अक्षर. एमबी ज्यांच्या सहीनं पास झालेली असे, त्यांची तोवर बदली झालेली असायची. एका तलावावर आमच्यातल्या एकाच्या पगारातून वर्षानुवर्षं हप्ता कापला गेला. आम्ही धड नोकरदारही नव्हतो. आमच्यासारख्या हजेरी सहायकांना सेवेत सामावून घ्यायचा प्रश्नच शासन निर्णय आणि कोर्टकचेऱ्यांत कितीतरी वर्षं लोंबकळत होता.

२००५ चा केंद्राचा रोजगार हमी कायदा आला तेव्हा आमचं मस्टर थेट त्यात घुसलं. कलम १७ प्रमाणे ग्रामसभेनं सामाजिक अंकेक्षण करायचं, म्हणजे मस्टर गावासमोर मोठ्यानं वाचायचं. याहून चांगला उपाय मला माहीत नाही, कारण मयताचं नाव वाचलं की त्याची बायको समोरच बसलेली असते. पण कलम २५ चा दंड जास्तीत जास्त हजार रुपये होता! २०१७-१८ पासूनच्या चार वर्षांत अशा अंकेक्षणांतून देशभरात ९३५ कोटींचा अपहार उघड झाला, आणि परत आले साडेबारा कोटींच्या आसपास. शेकड्याला दीड रुपयासुद्धा नाही.

मजुरी बँकेतून सुरू झाली तशी पासबुकं गठ्ठ्यानं एकाच घरात जमू लागली. जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढणं सक्तीचं झालं. जुलै २०२५ मध्ये दिल्लीच्या मंत्रालयानंच पत्र काढून त्यातल्या युक्त्या सांगितल्या. फोटोचाच फोटो काढतात, एकच फोटो अनेक मस्टरांना लावतात, मस्टरवर बायका आणि फोटोत पुरुष. त्यावर पत्रात सांगितलेला उपाय असा, की ग्रामपंचायतीनं रोजचा प्रत्येक फोटो आणि हजेरी डोळ्यांखालून घालावी. हे काम करणार ग्रामरोजगार सेवक. तोही मानधनावरच, आणि वसुली निघाली तर नोटीस पहिल्यांदा त्यालाच.