गाळलेले पाणी आणि तळ्यातले युद्ध

पाणी चांगले की वाईट हे आपण बहुतेक वेळा डोळ्यांनीच ठरवतो. गढूळ दिसले तर गाळतो, शंका आली तर उकळतो. जंतूंसाठी हे योग्यच आहे. पण तळ्याच्या पाण्यात असेही काही असू शकते, जे या दोन्ही उपायांना दाद देत नाही. हे कसे कळत गेले, त्याची ही गोष्ट.

1878 साली ॲडलेडच्या जॉर्ज फ्रान्सिस यांनी 'नेचर'मध्ये एक टिपण लिहिले. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर हिरव्या तेलरंगासारखी दाट साय धरली होती. ते पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, कुत्री, डुकरे काही तासांत मरत होती. ती साय निळ्या-हिरव्या शेवाळाची होती. त्याला शेवाळ म्हणत असले, तरी ते जिवाणूंच्या कुळातले; म्हणून आज त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात.

आता प्रश्न असा, की तळ्यात सूक्ष्म वनस्पतींच्या कितीतरी जाती असताना एकाच जातीचे राज्य कसे येते? ऊन, उष्णता आणि सांडपाण्यातून व खतांतून येणारा फॉस्फरस ही मोठी कारणे आहेतच. पण तेवढेच कारण आहे का?

पेनिसिलिनच्या काळात बुरशी जिवाणूंना रसायनाने मारते हे जगाने पाहिले होते. 1944 साली रॉबर्टसन प्रॅट आणि सहकाऱ्यांनी क्लोरेला या हिरव्या शेवाळातूनही जिवाणूरोधक द्रव्य मिळाल्याचे जाहीर केले. त्याला 'क्लोरेलिन' म्हटले गेले. म्हणजे शेवाळेही पाण्यात रसायने सोडतात.

प्रत्यक्ष तळ्यात याचा पाठपुरावा केला कॅथलीन कीटिंग यांनी. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात लिन्स्ली पाँड नावाचे लहानसे तळे आहे. तिथल्या सायनोबॅक्टेरियांची त्यांनी प्रयोगशाळेत वाढ केली, मग पाणी गाळून सगळ्या पेशी काढून टाकल्या. उरलेल्या नितळ पाण्यात त्याच तळ्यातले डायटम, म्हणजे काचेसारखे कवच असलेली सूक्ष्म शेवाळे, नीट वाढेनात. सायनोबॅक्टेरियांचा बहर असताना आणि तो ओसरल्या ओसरल्या तळ्यातून आणलेल्या पाण्यानेही हेच केले. आधी सायनोबॅक्टेरिया जितके जास्त, तितका नंतरचा डायटमचा बहर कमी, हे पाच वर्षांच्या नोंदींत दिसले. 1977 आणि 1978 साली 'सायन्स'मध्ये हे निष्कर्ष आले. योद्धे गाळून काढले, तरी त्यांचे शस्त्र पाण्यात राहिले होते!

पेशी गेल्या तरी रसायन उरते, या गोष्टीची फार मोठी किंमत माणसांनी मोजली ती 1996 साली, ब्राझीलमधल्या कारुआरू गावी. तिथल्या एका डायलिसिस केंद्रात टँकरने जलाशयाचे पाणी येई. केंद्रात गाळण्याची यंत्रणा होती. तरीही रुग्णांना मळमळ, उलट्या, दिसण्यात अडचण असा त्रास सुरू झाला. सुमारे शंभर जणांचे यकृत निकामी झाले. त्यांपैकी 52 मृत्यूंचे कारण हे पाणी ठरले. रुग्णांच्या यकृतात आणि केंद्राच्या गाळणीतल्या कोळशात मायक्रोसिस्टिन सापडले. हे सायनोबॅक्टेरियांचे विष. डायलिसिसमध्ये एका वेळी शंभराहून अधिक लिटर पाणी रक्ताच्या निकट येते, मध्ये फक्त एक पातळ पडदा. पोटाची वाट टाळून विष थेट रक्तात गेले.

कीटिंग यांच्या तळ्यातले शस्त्र आणि हे विष एकच, असे मात्र समजू नये. मायक्रोसिस्टिन या जिवाणूंच्या नेमके कशासाठी उपयोगी पडते, यावर अजून वाद आहे. पण ते आपल्यासाठी बनलेले नाही, एवढे नक्की. यकृताच्या पेशी ते आत ओढून घेतात, म्हणून घाव तिथे बसतो.

तेव्हा लक्षात ठेवा:

- हिरवी साय धरलेल्या तळ्याचे पाणी पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका.
- उकळल्याने हे विष जात नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात मोकळे होते.
- साय मारायला औषध टाकले, तर तेव्हाही विष पाण्यात उतरते.

खरा उपाय तळ्याच्या काठावर आहे. सांडपाणी आणि खत तळ्यात जाऊ दिले नाही, तर या युद्धात एकाच पक्षाला रसद मिळणार नाही.