मूल आजाराने गेले, हे अर्धेच उत्तर

मेळघाट, नंदुरबार किंवा पालघरमधल्या बालमृत्यूंची चर्चा सुरू झाली की एक खुलासा हमखास ऐकू येतो : ही मुले कुपोषणाने दगावलेली नाहीत, न्यूमोनिया, अतिसार, जंतुसंसर्ग अशा आजारांनी दगावली आहेत. हे मत केवळ सरकारी कागदांत नाही, सुशिक्षित समाजातही रुजले आहे. म्हणून ते तपासले पाहिजे.

त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. शेवटचा घाव बहुधा संसर्गच घालतो. शिवाय गरिबी हटण्याची वाट न पाहता संसर्गावर उपचार केले तरी मुले वाचतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवून दिले. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, गरजेप्रमाणे प्रतिजैविके दिली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटलेला दिसतो.

पण औषधाने मूल वाचले, म्हणून उपासमार निर्दोष ठरत नाही. अर्धपोटी मुलाच्या आतड्याचे अस्तर झिजते, रोगाशी लढण्याची ताकद खचते. जुलाब लागले की भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही; ताप आला की शरीर स्वतःचीच प्रथिने खर्ची घालते. एका दुखण्यातून उठायच्या आत दुसरे गाठते. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात हे दुष्टचक्र साधार मांडले. त्यातले कार्ल टेलर मसुरीत जन्मलेले आणि पंजाबातल्या नारंगवालमध्ये काम केलेले. म्हणजे या ज्ञानाची मुळे आपल्याही गावांत आहेत.

हे चक्र वॉर्डातल्या खाटेवर दिसते. तीव्र कुपोषित मुलाला गंभीर संसर्ग झाला तरी अनेकदा तापच येत नाही. अंग उलट गार पडते, मूल मलूल होते, रडतही नाही. म्हणून अशा मुलाला दाखल करताना संसर्गाची लक्षणे दिसोत वा न दिसोत, प्रतिजैविक सुरू करण्याची रीत आहे. दर दोन-तीन तासांनी थोडेथोडे दूध-आहार देतात. लोह मात्र सुरुवातीला देत नाहीत, कारण त्याने संसर्ग बळावू शकतो. मुलाला वाचवताना डॉक्टर आहार आणि औषध वेगळे करत नाहीत; मग मृत्यूनंतर कारणांची वाटणी का करायची?

यावर दुसरा बचाव येतो : दगावलेले मूल तीव्र कुपोषितांच्या यादीत नव्हतेच. पेलेटियर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ५३ विकसनशील देशांच्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष याला चोख उत्तर देतो. बालमृत्यूंपैकी ५६ टक्के मृत्यूंना कुपोषणाने हातभार लावला होता, आणि त्यांतले ८३ टक्के सौम्य व मध्यम कुपोषणाशी निगडित होते. तीव्र कुपोषित मुलाला धोका सर्वाधिक, हे खरेच. पण सौम्य-मध्यम कुपोषित मुले संख्येने कितीतरी अधिक असतात.

आणि आईचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तिच्याही देहात हेच घडते : ताटात लोह कमी, आणि जे आहे ते हिवताप आणि अंकुशकृमी ओरबाडतात. अशा आईचे बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो, आणि न्यूमोनियाशी त्याची झुंज पहिल्याच दिवसापासून विषम होते.

म्हणून ‘नुसते पोट भरा’ हेही पुरेसे नाही आणि ‘नुसते औषध द्या’ हेही नाही. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, नमुना ४ मध्ये, मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर स्थितींसाठी स्वतंत्र भाग आहे. तिथे कुपोषण प्रामाणिकपणे नोंदवले जावे. अंगणवाडीचा आहार महिला व बालविकास विभागाकडे, औषध आरोग्य विभागाकडे. पण मुलाच्या वजनाची नोंद दोघांनी एकत्र वाचावी. न्यूमोनियातून घरी परतलेल्या मुलाचे वजन पूर्ववत होईपर्यंत आशा आणि अंगणवाडीताईंनी पाठपुरावा करावा, जुलाबानंतर त्याला जादा आहार मिळावा, आणि गर्भवतीची तपासणी व जेवण यांची हेळसांड होऊ नये. आजाराचे नाव सांगून जबाबदारी संपत नाही. ते मूल आजाराला इतके सहज बळी का पडले, याचे उत्तर मिळेपर्यंत चौकशी अपुरीच मानली पाहिजे.